ठिणगीची परीक्षा उतरताना

बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सगळा धानाचा पट्टा. इथल्या तालुक्याच्या गावी शेती-अवजारांच्या दुकानात ग्रास कटर हटकून दिसते. त्याच्या दांड्याला बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन आणि मोठ्या मॉडेल विमानाच्या नाकात घरघरणारे पेट्रोल इंजिन एकाच कुळातले. जगभरच्या हौशी मंडळींनी गवत कापायची आणि लाकूड चिरायची इंजिने उतरवून विमानांना लावली आहेत. मात्र जमिनीवरचे इंजिन हवेत न्यायचे तर दोन प्रश्न सोडवावे लागतात. ठिणगी कशी द्यायची आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, कोणता लावायचा? बहुतेकांचा समज असा की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की ताकद वाढते आणि पंखा मग सवडीने निवडता येतो. हा समज तपासून पाहिला तर टिकत नाही. ताकदीचा खेळ मुख्यतः पंख्याचा आहे. इग्निशनची कमाई इंजिन सुरू करताना आणि विमान उतरवताना दिसते. म्हणून हे दोन निर्णय एकत्रच घ्यावे लागतात.

ग्रास कटरमध्ये मॅग्नेटो असतो. जड फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेला असतो, तो कॉइलजवळून फिरला की वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी मिळते. बॅटरी लागत नाही. पण यात दोन अडचणी आहेत. चुंबक हळू फिरला तर ठिणगी अशक्त पडते, त्यामुळे हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करणे जिकिरीचे होते. दुसरी अडचण टायमिंगची. पेट्रोलचे मिश्रण पेटून दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते. ती 28 अंश आधी पडते असे धरू. मिनिटाला 7,000 फेऱ्या असताना 28 अंश म्हणजे सेकंदाचा जेमतेम दीड हजारावा भाग, आणि तो वेळ नेमका पुरतो. 2,000 फेऱ्यांना तेच 28 अंश साडेतीनपट वेळ घेतात. मग दाब वेळेआधीच तयार होतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला उलट ढकलतो. स्कूटरची किक ज्यांच्या पोटरीवर उलटली आहे त्यांना हा प्रकार वेगळा समजवायला नको. इथे किकच्या जागी बोटे असतात, एवढाच फरक.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन या दोन्ही अडचणी दूर करते. पंख्याच्या हबमध्ये बारीकसा चुंबक आणि शेजारी तो ओळखणारा हॉल सेन्सर असतो. बॅटरीवर चालणारे मॉड्यूल फेऱ्या ओळखून कमी वेगात ठिणगी उशिरा आणि जास्त वेगात लवकर देते. ठिणगीचा जोरही वेगावर अवलंबून राहत नाही. फ्लायव्हील निघाल्याने बॅटरी धरूनही वजन सहसा घटते. पण वरच्या वेगाला मॅग्नेटोचे टायमिंग आधीच योग्य असेल, तर तिथे फायदा किरकोळच. समजा 5 टक्के ताकद वाढली. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 7,000 फेऱ्यांच्या फार तर 7,115 होतील. पैसे खर्चून फेऱ्या मोजणाऱ्या टॅकोमीटरकडे डोळे लावून बसलेल्याची निराशा ठरलेलीच.

आता पंख्याकडे पाहू. 22×8 म्हणजे 22 इंच व्यास आणि 8 इंच पिच. स्क्रू लाकडात शिरावा तसा पंखा हवेत शिरला, तर एका फेरीत जेवढा पुढे जाईल ते पिच. 50 ते 55 सीसीच्या इंजिनाला साधारणपणे 22×8 किंवा 23×8 लावतात. एका इंचाने काय बिघडते, असे वाटेल. पण पिच तेच ठेवून व्यास वाढवला, तर लागणारी ताकद साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. 22 चे 23 इंच केले तर त्याच फेऱ्यांना जवळजवळ 20 टक्के जास्त ताकद हवी. ती नसेल तर फेऱ्या सुमारे 6 टक्के पडतात. इग्निशनने दिलेल्या दीड टक्क्याशी याची तुलना करून पाहावी. पिचचा हिशेबही असाच बोलका आहे. 7,000 फेऱ्यांना 8 इंच पिचचा पंखा कागदावर ताशी 85 किलोमीटर देतो आणि 10 इंचाचा 107. जाड पंखांच्या संथ विमानाला तो जादा वेग पेलता येत नाही. त्याला मोठा व्यास आणि कमी पिचच मानवते.

मग इग्निशन कशाला बदलायचे? उत्तर जमिनीवर मिळते. धान कापून झाल्यावर रिकामी झालेली बांधी उड्डाणाला मोकळी मिळते, पण ती लहान असते आणि चारी बाजूंनी धुरे, म्हणजे बांध, असतात. इथे विमान उचलण्यापेक्षा थांबवणे अवघड. पंख्याचा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. इंजिन 2,400 ऐवजी 1,700 फेऱ्यांवर न अडखळता रेंगाळले, तर ओढा निम्म्यावर येतो आणि विमान धुऱ्याच्या अलीकडे टेकते. संथ फेऱ्यांवर भरवशाने चालणे हे नेमक्या टायमिंगचे देणे आहे. मात्र फ्लायव्हील काढल्यावर त्याचे काम पंख्यालाच करावे लागते. फार हलका, छोटा पंखा लावला तर संथ वेगात इंजिन धडधडते आणि इग्निशनवरचा खर्च वाया जातो.

या भागातल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. पारा 45 अंशांवर गेला की हवा थंडीतल्या सकाळपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी विरळ होते. इंजिनाची ताकद तेवढी घटते, पण पंख्यावरचा भारही तेवढाच घटतो. त्यामुळे टॅकोमीटर जवळपास जुनाच आकडा दाखवतो आणि विमान मात्र मरगळलेले उडते. अशा वेळी इग्निशनला दोष देणे चुकीचे. लांब धाव घ्यावी किंवा वजन कमी करावे. लाकडी पंखा पावसाळ्यात फुगतो आणि मे महिन्यात आकसतो, म्हणून हबचे बोल्ट दर वेळी तपासायला हवेत. 7,000 फेऱ्यांना 22 इंची पंख्याचे टोक ताशी सुमारे 740 किलोमीटर वेगाने फिरत असते. चीर गेलेला पंखा चिकटवायचा नसतो, तो फेकायचाच असतो.

मॅग्नेटोचे समर्थक म्हणतील, बॅटरी संपली तर हवेतच इंजिन बंद पडेल. भीती रास्त आहे. पण स्वतंत्र बॅटरी ठेवून ती उड्डाणाआधी मोजली तर हा धोका टळतो. उलट बाजूही पाहावी. मॅग्नेटो बंद करायची तार तुटली तर इंजिन बंदच होत नाही. इलेक्ट्रॉनिकची तार तुटली तर ते थांबते, आणि जमिनीवर माणसाच्या जिवाला तेच बरे. दुसरा आक्षेप रेडिओतल्या अडथळ्याचा. प्लगची टोपी घट्ट बसवली आणि इग्निशन रिसीव्हरपासून लांब ठेवले तर तो सहसा आटोक्यात राहतो. तिसरा आक्षेप वजनाचा, तो मात्र मान्यच करावा लागेल. आखूड नाकाच्या विमानात तोल साधायला शिसे घालावेच लागते. तिथे फ्लायव्हीलचे वजन फुकट जात नाही आणि मैदानही लांब असेल तर मॅग्नेटो खुशाल ठेवावा. झेनोहा जी-62 सारखी इंजिने त्यावरच नावारूपाला आली. विजेच्या मोटारींनी लहान मॉडेल्स काबीज केली, हेही खरे. पण मोठ्या विमानाला जास्त वेळ उडवायचे तर पेट्रोलची सोय अजून मोडीत निघालेली नाही.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवले जाते, त्यामुळे हा छंद फक्त श्रीमंतांचा राहिलेला नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण गोंदिया जिल्ह्यात बिरसीचा विमानतळ आहे, म्हणून ड्रोनसाठीच्या नकाशात आपले मैदान कोणत्या झोनमध्ये पडते ते आधी पाहावे. मग पावलांनी मैदान मोजावे. त्या लांबीवरून पंखा ठरवावा. तो पंखा किती संथ फिरायला हवा, हे कळले की इग्निशन बदलायचे की नाही याचे उत्तर दुकानात जाण्याआधीच मिळालेले असते.