सार्कॉइडोसिस समजून घेताना : दुखरी गाठ आणि न दुखणारा चट्टा

लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण फुफ्फुसं आणि छातीतल्या लसिकाग्रंथींबद्दल वाचलं. तिथला सार्कॉइडोसिस पाहायला एक्स-रे लागतो, कधी सीटी स्कॅन लागतो. त्वचेवरचा मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतो. या आजाराच्या दर तीन-चार रुग्णांपैकी एकाच्या त्वचेवर तो उमटतो, आणि पुष्कळदा तीच पहिली खूण असते.

हा आजार वैद्यकाला कळला तोही त्वचेवरूनच. लंडनचे जोनाथन हचिन्सन (१८७७), पॅरिसचे अर्नेस्त बेनिए (१८८९) आणि नॉर्वेचे सीझर बेक (१८९९) या तिघांनी लिहून ठेवली ती त्वचेवरच्या चट्ट्यांची आणि पुटकुळ्यांची वर्णनं. त्वचा, फुफ्फुसं, ग्रंथी, हाडं या सगळ्यांत दिसतो तो एकच आजार, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झालं.

त्वचेवरच्या खुणा दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात ग्रॅन्युलोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा घट्ट पुंजका, त्वचेतच बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो शरीरात इतरत्र असतो आणि त्वचा फक्त प्रतिक्रिया देते. पुढे काय होणार याचा अंदाज बांधताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

प्रतिक्रियेचं ठळक उदाहरण म्हणजे इरिथिमा नोडोसम. नडगीवर लाल, गरम, हात लावताच कळ येणाऱ्या गाठी उठतात. जोडीला ताप, सुजलेले घोटे आणि एक्स-रेमध्ये छातीत दोन्ही बाजूंना वाढलेल्या ग्रंथी असतील, तर त्याला स्वीडिश डॉक्टर स्वेन लोफग्रेन यांच्या नावाने लोफग्रेन सिंड्रोम म्हणतात. रुग्णाला चालणंही नकोसं होतं, घरचे घाबरतात. तरीही सार्कॉइडोसिसचं हेच सर्वांत आश्वासक रूप आहे. बहुतेकांचा आजार दोनेक वर्षांत आपोआप शमतो, आणि अनेकांना वेदनाशामक गोळ्यांपलीकडे फारसं काही लागत नाही.

ग्रॅन्युलोमा त्वचेतच असणाऱ्या लुपस पर्निओचं याच्या अगदी उलट असतं. नाकाचा शेंडा, गाल किंवा कानाच्या पाळीवर जांभळट, चकचकीत, जाडसर चट्टा येतो. तो सहसा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहतो. पण तो आपणहून क्वचितच जातो, आणि त्याच्यासोबत नाकाच्या आतलं अस्तर, बोटांची हाडं, फुफ्फुसं यांतही दीर्घकाळ टिकणारा आजार आढळण्याची शक्यता अधिक असते. नुसत्या मलमाने तो सहसा हटत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मेथोट्रेक्सेट, कधी इन्फ्लिक्सिमॅबपर्यंत जावं लागतं. इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात दबून असलेला क्षयरोग उफाळू शकतो, त्यामुळे आधी त्याची तपासणी करावीच लागते.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीची रूपं येतात. बारीक पुटकुळ्या बऱ्याचदा काही काळाने विरतात. जाड, पसरट चट्टे रेंगाळतात आणि वण ठेवून जातात. जुन्या जखमेचा वण किंवा गोंदण अचानक लालसर होऊन फुगलं, तर तिथेही हा आजार असू शकतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : त्वचेवर चट्टे किती आहेत, यावरून आतला आजार किती आहे हे मोजता येत नाही. महत्त्व चट्ट्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या प्रकाराला आहे.

आपल्या देशात एक अडचण आणखी आहे. क्षयरोग आणि कुष्ठरोगही त्वचेत ग्रॅन्युलोमाच तयार करतात. त्यामुळे सार्कॉइडोसिसच्या रुग्णाला क्षयाची औषधं सुरू होतात, किंवा क्षयाच्या रुग्णाला सार्कॉइडोसिसवरचं स्टेरॉइड. दुसरी चूक तर जिवावर बेतू शकते. म्हणून चट्ट्याचा तुकडा तपासणं, म्हणजे बायोप्सी, टाळू नये. त्यात जंतूंचा शोध घेतला जातो. चट्ट्यावरची संवेदना गेली आहे का, हेही डॉक्टर पाहतात, कारण बधिरपणा कुष्ठरोगाकडे बोट दाखवतो. नडगीवरच्या दुखऱ्या गाठीच्या बायोप्सीत मात्र ग्रॅन्युलोमा सापडत नाही, फक्त त्वचेखालच्या चरबीचा दाह दिसतो. अशा गाठी क्षय आणि घशाच्या संसर्गातही येतात, म्हणून बाकीच्या तपासण्या कराव्याच लागतात.

त्वचेवर सार्कॉइडोसिस आहे असं निदान झालं, तर त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर थांबू नका. छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्तातलं कॅल्शियम आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, डोळ्यांना काही त्रास नसला तरीही. या आजारात ग्रॅन्युलोमा स्वतःच सक्रिय ड जीवनसत्त्व बनवतो आणि कॅल्शियम वाढू शकतं, तेव्हा ड जीवनसत्त्वाच्या पुड्या किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि नाकावरचा जांभळट चट्टा दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. तो लवकर दाखवला, तर कायमचा वण टाळण्याची संधी हाती राहते.

(पुढील लेखांकात : डोळे)