नोंदवहीतली गोळी

आमवातासाठी मी प्रेडनिसोलोन घेऊ लागले, त्याला आता दीड दशक होत आलं. या काळात आमच्या आष्टीत या औषधाबद्दल मी दोनच मतं ऐकली. कुणी म्हणतं, मेलेला माणूस उठून बसतो. कुणी म्हणतं, हाडं पोखरून टाकतं. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण तेवढ्यावर कुणाला औषधासोबत जगता येत नाही. ते कसं जगता आलं, ते सांगण्यासाठी हा मागोवा.

२०१० च्या पावसाळ्यात सकाळी उठल्यावर बोटं वळेनाशी झाली. मनगटं सुजलेली, तळपाय जमिनीला टेकवता येत नव्हते. कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं आणि शाळेत पहिला तास संपेपर्यंत हातात खडू धरता यायचा नाही. उन्हं चढली की बोटं थोडी सुटायची. आमच्या गावाची ओळख शहीद आष्टी. १९४२ च्या हुतात्म्यांना अभिवादन करायला ऑगस्टमध्ये मुलांसोबत स्मारकापर्यंत चालत जायचा माझा नेम. त्या वर्षी तो मोडला.

आर्वी, वर्धा करत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोचले. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान ठरलं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि तिथे सूज धरते, असा हा आजार. त्यावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं आणि गुण यायला दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात. तोवर सूज आवरायला सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन. डॉक्टरांनी चिठ्ठी देताना बजावलं होतं, “बाई, ही गोळी मनानं वाढवायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही.”

तिसऱ्या दिवशी मी स्वतः वेणी घातली. तो आनंद आजही शब्दांत मांडता येत नाही. पुढे वाचनात आलं, की आमवातासाठी असं औषध मिळालेल्या जगातल्या पहिल्या रुग्णाचाही अनुभव असाच होता. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला प्रेडनिसोलोनच्याच कुळातलं स्टेरॉइड, कॉर्टिसोन, टोचलं. अंथरुणावरून धड उठू न शकणारी ती बाई आठवड्याभरात बाजारात फिरून आली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइकस्टाइन यांना या शोधासाठी नोबेल मिळालं. पण इंजेक्शन थांबवलं की दुखणं परततं आणि चालू ठेवलं की शरीर वेगळीच किंमत मोजतं, हेही थोड्याच काळात डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्या दोन टोकांमधली वाट प्रत्येक रुग्णाला स्वतःच्या डॉक्टरांसोबत शोधावी लागते.

मलाही ती शोधावी लागली. भूक खवळली, झोप उडाली, चेहरा गोल झाला. गल्लीतल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, “बाई, तब्येत मस्त झाली तुमची!” ती तब्येत नव्हती, औषधानं आलेली गोलाई होती. हातावर जरा काही लागलं की निळे डाग उठायचे. सकाळची साखर बरी यायची, दुपारी जेवणानंतरची वाढलेली असायची. प्रेडनिसोलोनचा परिणाम असाच दुपारी-संध्याकाळी दिसतो, म्हणून नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. मीठ आवरायला पापड, कुरडया आणि लोणच्याशी अंतर ठेवावं लागलं. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच वेगानं होते, त्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीपासून चालू झालं. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला आणि शस्त्रक्रिया झाली.

गोळी एकदम का बंद करता येत नाही, हे समजलं तेव्हा भीतीची जागा समजुतीनं घेतली. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात, साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून गोळी आठवडेच्या आठवडे मिळत राहिली की या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग अचानक गोळी थांबली, तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जिवावर बेतणं. म्हणून मात्रा पायरीपायरीनं उतरवतात. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया असेल, तर उलट डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती तात्पुरती वाढवतातही. माझी गोळी पाचाच्या खाली नेताना दोनदा सांधे भडकले. शेवटी अगदी थोड्या मात्रेवर स्थिरावले.

हे सगळं लिहिण्यामागचं खरं कारण मात्र पुडी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत, सोयाबीन सोंगायच्या घाईत गुडघे आणि कंबर धरलेले लोक कुठून तरी पुड्या आणतात. त्यावर नाव नसतं, मात्रा नसते. दोन दिवसांत माणूस वावरात उभा राहतो. अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइडच असतं. हंगाम सरला की पुडी संपते, आणि ग्रंथी झोपलेल्या असताना औषध तुटतं. अशा माणसाला चक्कर येऊन दवाखान्यात नेलं, तरी त्याच्या पोटात काय गेलंय हे डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. ज्याची मजुरी एका दिवसानं बुडते त्याला मी दोष देत नाही. पण नाव झाकून औषध देणाऱ्याला क्षमा नाही.

हेच औषध नीट दिलं तर काय करू शकतं, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली, तेव्हा प्रेडनिसोलोन जन्मालाही आलं नव्हतं. कुष्ठरोगात नसांना सूज येऊन हात-पाय लुळे पडतात. आज अशी सूज वेळीच ओळखून ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि हळूहळू मात्रा उतरवत नेतात. त्यानं कित्येकांची बोटं आणि पावलं वाचतात.

कोरोनानं हा धडा साऱ्या देशाला दिला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे सुमारे एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र फायदा झाला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गरज नसताना, जास्त मात्रेत, साखरेकडे न बघता दिलं गेलं आणि काळ्या बुरशीनं विदर्भातही माणसांचे डोळे नि जबडे नेले.

आता आमवाताचे उपचार बदलले आहेत. नव्या रुग्णांत स्टेरॉइड कमीत कमी आणि थोडक्या काळासाठी द्यावं, याकडे जगभरच्या संधिवाततज्ज्ञांचा कल आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ग्लोरिया अभ्यासात वयस्क रुग्णांना रोज पाच मिलिग्रॅम देऊन दोन वर्षं पाहिलं. सांध्यांचं नुकसान कमी झालं, पण जंतुसंसर्ग वाढले. लहान मात्राही फुकट नसते, हे त्यातून स्पष्ट झालं.

माझ्याकडे शंभर पानी वही आहे. तीत मात्रा, तारीख, साखर, रक्तदाब, डोळ्यांची आणि हाडांची तपासणी, सगळं लिहिलेलं आहे. कोणत्याही दवाखान्यात गेले की आधी ती समोर ठेवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शाळकरी पोरानं लिहावं, गावच्या आशा सेविकांनी विचारावं. औषधाचं नाव काय, किती मिलिग्रॅम, कधीपर्यंत आणि उतरवायचं कसं, हे चार प्रश्न विचारणं प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे. त्यांची उत्तरं न देणाऱ्याकडून गोळीही घेऊ नये आणि पुडीही.