हापूसला जीआय मिळाला, पण पेटीवर ते नाव लिहायचा हक्क कुणाला?

मार्च उजाडला की मुंबई-पुण्याच्या प्रत्येक चौकात ‘देवगड हापूस’चे बोर्ड लागतात. टेम्पोवर देवगड, हातगाडीवर देवगड, इन्स्टाच्या जाहिरातीतही देवगड. आता देवगड हा सिंधुदुर्गातला एक तालुका. एवढा आंबा तिथे पिकतो तरी कुठे? उत्तर सगळ्यांना माहितीय. कर्नाटकातून आलेला आंबाही याच नावाने पेटीत भरला जातो.

तुम्ही म्हणाल, हापूसला जीआय टॅग मिळालाय ना? मिळालाय, तोही ऑक्टोबर २०१८ मध्ये. तरीही हे चालतं, कारण टॅग मिळणं वेगळं आणि तो वापरता येणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये कागदपत्रांचा एक टप्पा आहे आणि आपला बागायतदार नेमका तिथेच अडकतो.

जीआय म्हणजे नक्की काय?

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. यासाठी १९९९ चा कायदा आहे, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणीचं ऑफिस चेन्नईला आहे. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं.

ट्रेडमार्क एका कंपनीचा किंवा व्यक्तीचा असतो. तो विकता येतो. जीआय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कारण तो त्या भागातल्या उत्पादकांचा सामूहिक हक्क आहे.

गंमत म्हणजे ‘अल्फान्सो’ हे कुठल्या गावाचं नावच नाही. ते आलं पोर्तुगीज सरदार अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून. पण नाव गावाचं नसलं तरी त्याची ओळख ठरावीक भागाशी जोडलेली असेल तर जीआय मिळतो, अशी सोय कायद्यातच आहे. बासमतीचंही तसंच. रत्नागिरीचा भारी की देवगडचा, हा वाद कोकणात कधी संपायचा नाही, पण नोंदणीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे एकाच नावाखाली आले.

मग घोडं अडलंय कुठे?

जीआयमध्ये दोन पायऱ्या असतात. पहिली, नोंदणीकृत मालक. हापूसच्या बाबतीत दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि उत्पादकांच्या संस्था. दुसरी, अधिकृत वापरकर्ता. प्रत्यक्ष आंबा पिकवणाऱ्याने स्वतःची नोंद करायची ती इथे. ही नोंद नसेल तर बाग मालवणात असो की देवगडात, तो जीआयचा हक्क सांगू शकत नाही.

यासाठीची फी पूर्वी ५०० रुपये होती. २०२० मध्ये नियम बदलले आणि ती १० रुपयांवर आली. म्हणजे अडचण पैशांची नाही.

अडचण सातबाऱ्याची आहे. कोकणात सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो, वारस निम्मे मुंबईला. जमीन सामाईक, एक भाऊ गावात, बाकीचे चाकरमानी. कित्येक बागा कराराने दुसऱ्याला दिलेल्या. घरातली बाई मोहर आल्यापासून पेटी भरेपर्यंत राबते, तिचं नाव कुठेच नाही. लागवडीचा पुरावा म्हणून सातबारा मागितला की ही मंडळी गप्प बसतात.

पण कायदा नीट वाचला तर त्यात ‘उत्पादक’ म्हणजे ‘जमीनमालक’ असं कुठेच म्हटलेलं नाही. शेतमालाच्या बाबतीत जो पिकवतो, प्रक्रिया करतो किंवा पॅकिंग करतो, तो उत्पादक. हे गावात जाऊन सांगायचं कुणी?

इथे पॅरालीगल कामाला येतो

पॅरालीगल म्हणजे वकील नसलेला, पण कायद्याचं प्राथमिक प्रशिक्षण घेतलेला माणूस. तो कोर्टात उभा राहून युक्तिवाद करू शकत नाही. पण अर्ज भरायला मदत करणं, कागद जुळवणं, योग्य ऑफिसपर्यंत माणसाला नेणं हे तो करू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये अशा स्वयंसेवकांची योजना आणली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यांना प्रशिक्षण देतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते.

सिंधुदुर्गातल्या पॅरालीगलला बौद्धिक संपदेचं एवढं तरी शिकवायला हवं:

- ट्रेडमार्क आणि जीआय यातला फरक. स्वतःच्या ब्रँडचं नाव ट्रेडमार्कमध्ये, ‘हापूस’ जीआयमध्ये.
- अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज कसा भरायचा आणि सातबारा अडला तर दुसरा कोणता पुरावा जोडता येईल.
- जीआय जर्नल वाचणं. नवा अर्ज त्यात छापून आला की विरोध नोंदवायला तीन महिने मिळतात, फार तर आणखी एक महिना वाढवून. तारीख गेली की संधी गेली.
- पुरावा जपणं. बनावट पेटीचा फोटो, बिल, तारीख, विक्रेत्याचं नाव.

जर्नलचा मुद्दा हवेतला नाही. गुजरातमधून ‘वलसाड हापूस’ नावाने जीआयसाठी अर्ज झाला, तेव्हा कोकणातल्या उत्पादकांना २०२५ मध्ये विरोधाला उभं राहावं लागलं. आफ्रिकेतल्या मलावीचा आंबाही वाशी मार्केटमध्ये ‘मलावी हापूस’ म्हणून येतोच.

कोल्हापुरीने दिलेला धडा

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सोशल मीडिया पेटला. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मुद्दा साधा होता. कोल्हापुरीच्या जीआयचे मालक महाराष्ट्र आणि कर्नाटकची चर्मोद्योग महामंडळं आहेत, त्यांना स्वतः दाद मागता येते. म्हणजे राग कितीही खरा असला तरी दार ठोठवायला हक्क लागतो आणि तो नोंदणीतून येतो.

हीच गोष्ट वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला लागू होते. दोघांनाही जीआय आहे. पण नोंद झालेले हात किती, यावर त्याची ताकद ठरते.

आपण काय करायचं?

देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर युनिक कोडचा स्टिकर लावायला सुरुवात केली. कोड तपासला की आंबा कुठल्या बागायतदाराचा ते कळतं. त्यामुळे पुढच्या हंगामात पेटी घेताना ‘ओरिजिनल आहे ना?’ एवढंच विचारू नका. स्टिकर कुठे आहे ते विचारा आणि विक्रेत्याची जीआय नोंद आहे का तेही विचारा.

आणि तुमचं गाव कोकणातलं असेल, तर यंदा गणपतीला घरी गेल्यावर अजून एक काम करा. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि बाग सांभाळणाऱ्या काका-काकूंची जीआय नोंद झालीय का ते विचारा. नसेल तर दहा रुपयांचा अर्ज आहे, भरून द्या.