आवाजाच्या पुढे बघा!

मुलांनो, आमची शाळा नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या विमानतळापासून फार लांब नाही. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला, म्हणून आजही त्या वस्तीला सगळे ‘ओझर मिग’च म्हणतात. मिग-२१ विमानं २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. आता आमच्या डोक्यावरून जातात ती सुखोई. गावातल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही.

पण द्राक्षांच्या कामाला आलेल्या एका कुटुंबातली मुलगी चौथीत नवीनच आली होती. एक दिवस सुखोई अगदी खालून गेलं. खिडक्या थरथरल्या आणि ही बाकाखाली गडप! काही केल्या बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी शाळेतच आली नाही. तिसऱ्या दिवशी आई तिला घेऊन आली नि म्हणाली, “बाई, तिला विमानाचं भ्या वाटतं. न सांगताच येतं म्हणे.”

न सांगता का बरं येत असेल? एक मुलगा लगेच म्हणाला, “बाई, ते आवाजाच्या पुढे पळतं.” मीही “बरोबर” म्हणून मोकळी झाले. घरी गेल्यावर पुस्तक काढून पाहिलं, तर साफ चूक!

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. खालून जाणारं विमान ताशी ९०० किलोमीटरने जातंय असं धरलं, तर सेकंदाला २५० मीटर. म्हणजे आवाजच पुढे. विमान खरंच आवाजाला मागे टाकतं तेव्हा नुसती घरघर नाही, मोठा धमाका ऐकू येतो. २० मे २०२० ला बंगळूरमध्ये असाच धमाका झाला. भूकंप झाला की काय, असं लोकांना वाटलं. नंतर कळलं, हवाई दलाच्या विमानाची चाचणी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली आणि फळ्यावर गणित मांडलं. विमान ३ किलोमीटरवर आहे. तिथला आवाज आपल्यापर्यंत यायला साधारण ९ सेकंद. विमानाला स्वतःला यायला १२ सेकंद. उरले किती? तीन! आवाज पोचतो न पोचतो तोच विमान डोक्यावर. त्यातून जेटचा मोठा आवाज मागच्या बाजूला जास्त फेकला जातो, म्हणून समोरून येताना ते आणखीच गुपचूप वाटतं.

आणि आवाज येतो तिथं विमान दिसत का नाही? शेजारच्या बागेत पाखरं हाकायला एक आजोबा डबा बडवत होते. मुलांना कुंपणापाशी नेलं. काठी डब्यावर पडताना दिसे, ‘ठण्ण’ मागून येई. विमानाचंही तसंच. ते दीड हजार मीटर उंचीवरून गेलं, तर डोक्यावरचा आवाज खाली यायला साडेचार सेकंद लागतात. तेवढ्यात विमान किलोमीटरभर पुढे गेलेलं असतं.

आठवड्याभराने मधल्या सुट्टीत पुन्हा घरघर झाली. सगळी पोरं सवयीने डोक्यावर बघायला लागली. ती मुलगी दोन्ही कान दाबून उभी होती (मीही दाबते, त्यात लाजायचं काय?). पण बाकाकडे पळाली नाही. आवाजाच्या पुढे, लांब टेकडीकडे बघत तिने एक हात कानावरून काढला.

“बाई, त्ये बघा, तिथं!”