रिद्धपूरला रेल्वेने जाताय?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या: अमरावतीचं जुनं स्टेशन टर्मिनस आहे, रूळ तिथेच संपतात. रिद्धपूरकडची वाट बडनेरा–नरखेड मार्गावरची. म्हणून गाडी धरायची ती बडनेऱ्याहून किंवा नवी अमरावतीहून. पुढे वलगाव, चांदूर बाजार, मग रिद्धपूर. त्यानंतर मोर्शी, वरुड. खिडकीबाहेर संत्र्यांचे बगीचे.

सुमारे १३८ किमीच्या या मार्गाने मुंबई–हावडा आणि नागपूर–इटारसी हे दोन मोठे मार्ग नागपूर टाळून जोडले. लांब पल्ल्याच्या गाड्यांना तेच फावलं! रिद्धपूरला मात्र पॅसेंजरचाच भरवसा. वेळ बघूनच निघा.

महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं हे गाव, त्या पंथाची काशी. आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच. एखाद्या एक्सप्रेसला थांबा द्यायला आणखी काय हवं, भाऊ?