पाथरीकर कुलकर्ण्याचा पणतू आणि पुसलेली राणी

कुठेही पाथरीचं नाव काढा, लोक आधी साईबाबांबद्दल विचारतात. आज मात्र मी पाथरीच्या दुसऱ्या एका घराण्याबद्दल बोलणार आहे.

फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. विजयनगरच्या मुलखात लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला आणि बहमनी दरबारात चढत गेला. त्याचा नातू बुऱ्हाण याने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी घेतलीच! आणि पणतू हुसेन निजामशाह? तो १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरविरुद्धच लढला.

या हुसेनवर आफताबी नावाच्या कवीने फारसीत काव्य लिहिलं, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. त्याची सचित्र पोथी पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

अशी पोथी एकट्याचं काम नसायचं, बरं का. आधी कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही. मग कातिब बोरूने नस्तालीक अक्षरात मजकूर लिहायचा आणि चित्रापुरती जागा मोकळी सोडायचा. चित्रकार नंतर यायचा. रंग, सोनं, सगळं त्या मोकळ्या चौकटीत. पण या पोथीतल्या एका चित्रात बाईच्या स्पर्शाने झाड फुलतंय. ही आपली दोहदाची जुनी कल्पना, इराणची नाही. इथेच मला ही पोथी आपली वाटायला लागते.

आता खरी गोष्ट. आफताबीने राणी खुंजा हुमायूनचंही भरभरून वर्णन केलंय. चित्रांत ती राजाशेजारी होती. होती म्हणतोय, कारण बऱ्याच ठिकाणी तिची आकृती नंतर कुणीतरी रंग फासून झाकली. हुसेन वारल्यावर मुलगा मुर्तजा लहान म्हणून कारभार तिच्या हातात आला. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. अभ्यासक या रंग फासण्याचा संबंध तिच्या पाडावाशी जोडतात.

गंमत बघा, ज्याने कुणी हे केलं त्याने मजकुराला हात लावला नाही. चित्रात राजाशेजारी नुसता डाग, आणि काव्यात तिच्या रूपाची तारीफ अजून चालूच.

हे काव्य जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलं, मंडळाने ते १९८७ मध्ये छापलंय. ग्रंथालयात मिळालं तर आधी चित्रंच उघडा.