भूमीच्या पोटांतील हायड्रोजन

आफ्रिकेंतील माली देशांत बुराकेबुगू नांवाचें खेडें आहे. १९८७ सालीं तेथें पाण्यासाठीं विंधणविहीर घेतली. सुमारें १०८ मीटर खोल जाऊनहि पाणी लागेना. वारा मात्र येऊं लागला. एका कामगाराच्या सिगारेटीनें तो वारा पेटला, तेव्हां विहिरीचें तोंड बंद करण्यांत आलें. पुढें परीक्षा करितां त्यांत शेंकडा ९८ हायड्रोजन निघाला! २०१२ च्या सुमारास त्यावर गांवांत वीज आली.

लोहयुक्त खडकांशीं पाण्याचा संयोग होऊन हा वायु भूगर्भांत बनतो. जळला म्हणजे पाणीच होतें. एका खेड्यावरून जगाचा हिशेब मांडूं नये, हें खरें. परंतु २०२३ सालीं संशोधकांनीं नोंदविलें कीं, अकरा वर्षांत तेथील दाब घटलेला नाहीं. तेलाच्या विहिरीविषयीं असें कोणीं ऐकिलें आहे?